कोर्स अर्धवट का सुटतो, तेही कुणी विचारा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात तुमच्या आरोग्य पुरवणीत अँटिबायोटिकवर लेख आला होता. लेख चांगला होता, कात्रण मी आमच्या दूध संस्थेच्या भिंतीवर चिकटवलंय. त्यातलं एक वाक्य मात्र सलत राहिलं. रुग्ण निष्काळजीपणाने औषधाचा कोर्स मध्येच सोडतात आणि मग जंतू औषधाला दाद देत नाहीत, असं त्यात म्हटलंय. जंतूंचं खरं असेल. निष्काळजीपणाचं मला पटलं नाही, कारण कोर्स मध्येच सोडणाऱ्यांतली मी एक आहे. नऊ दिवस सोडला होता. का सोडला ते सांगायला हे पत्र. लांबलंय, जागा नसेल तर कुठूनही कापा, फक्त पाण्याचा भाग ठेवा.

मी पलूस तालुक्यातली. वय ५२. घरी चार गायी, एक म्हैस आणि दोन कालवडी आहेत. सकाळ-संध्याकाळ गावच्या दूध संस्थेत फॅट लावायचं, म्हणजे दुधातली स्निग्धता मोजायचं काम करते, म्हणजे शंभरेक माणसांचं दूध रोज माझ्या डोळ्यांखालून जातं. मागच्या श्रावणात आमची एक गाय सातव्या महिन्यात गाभडली, म्हणजे तिचा गर्भ पडला. वार पडेना. जनावरांचे डॉक्टर दुसऱ्या गावाला गेलेले. मी हातानेच ओढून काढली. आई तसंच करायची, सासूबाईही तसंच करायच्या. आदल्या दिवशी उसाचं पाचट ओढून हातावर बारीक बारीक चिरा पडलेल्या होत्या, त्याकडे कोण बघतंय? साबणाने हात धुतले आणि चुलीपुढे बसले.

गणपतीत कणकण सुरू झाली. दिवसा बरं असायचं, दिवेलागणीला ताप चढायचा आणि पहाटे घामाने उशी भिजायची. मग कंबर धरली. गावात टायफॉईड म्हणून चार सलाईन झाल्या, तालुक्याला व्हायरल म्हणून गोळ्या झाल्या. दिवाळीच्या तोंडावर मिरजेला गेलो. तिथल्या डॉक्टरांनी आधीच्या फायली बाजूला सारल्या आणि पहिलाच प्रश्न विचारला, "ताई, घरी जनावरं आहेत का? एखादी गाभडली का एवढ्यात?" मी मालकांकडे बघितलं, मालकांनी माझ्याकडे. जवळजवळ दोन महिन्यांत हे कुणी विचारलंच नव्हतं. रक्त तपासलं, ब्रुसेला नावाच्या जंतूचा आकडा १:६४० आला, म्हणजे फारच जास्त. कमरेच्या मणक्यात जंतू बसल्याचं एमआरआयमध्ये दिसलं. ज्याला आपण सांसर्गिक गर्भपात म्हणतो, तो गाईचा आजार माणसाला होतो तो असा. पूर्वी याला माल्टा ताप म्हणायचे. माल्टा बेटावर डेव्हिड ब्रूस नावाच्या लष्करी डॉक्टरने १८८७ साली याचा जंतू शोधला आणि त्याच्याच नावावरून ब्रुसेला. तिथल्या शिपायांना तो शेळीच्या कच्च्या दुधातून व्हायचा.

साध्या ब्रुसेलाला सहा आठवडे औषध असतं. माझा मणक्यात गेलेला, म्हणून तीन महिने. सकाळी उपाशीपोटी रिफॅम्पिसिन ६०० मिलिग्रॅम, ज्याने लघवी केशरी होते (हे मात्र आधी सांगितलं होतं, नाहीतर मी घाबरून मेले असते). डॉक्सीसायक्लिन १०० मिलिग्रॅमची कॅप्सूल सकाळी एक, रात्री एक. शिवाय पहिले २१ दिवस रोज इंजेक्शन. औषधाच्या दुकानातल्या पोराने खाकी पाकिटावर पेनने लिहून दिलं: १–०–१. त्या पाकिटावर तेवढंच होतं. किती घ्यायची, कधी घ्यायची, ते कळलं. गिळायची कशी, याचं चिन्ह अजून निघालेलं नाही.

तुम्ही म्हणाल, गोळी गिळायला काय शिकायचं? मीही हेच म्हटलं असतं.

सासूबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "एवढ्या गोळ्या गरम पडतील, दुधासंगट घे." आमच्याकडे गोळी गरम पडणं ही पक्की गोष्ट आहे, त्यावर वाद नाही. आणि दुधाला घरात काय तोटा? मी अर्धा कप दुधाबरोबर कॅप्सूल घ्यायला लागले. दूध संपलं असलं तर नुसत्या घोटभर पाण्यावर. पाणी कमी पिण्याची सवय मला लग्नापासूनची. संडास आता अंगणात आहे, पूर्वी तोही नव्हता. रात्री उठावं लागू नये म्हणून सात वाजल्यानंतर पाणी प्यायचंच नाही, हे इतकं अंगवळणी पडलंय की तहानही लागत नाही. माझ्या वयाच्या बायकांना विचारून बघा.

पाच आठवडे निभावलं. ताप उतरला, कंबर सैल झाली. मग मार्गशीर्षातला गुरुवार आला. दिवसभर उपास, संध्याकाळी लक्ष्मीची पूजा, नैवेद्य, सवाष्णी, आणि मी जेवले ते साडेनऊला, दोन घास. अंथरुणावर पडल्यावर आठवलं की रात्रीची कॅप्सूल राहिली. उशाशी तांब्या होता, पाणी बर्फासारखं. कोपरावर रेलून कॅप्सूल तोंडात टाकली, फुलपात्राच्या तळाशी पाणी घेऊन एक घोट घेतला आणि पांघरूण ओढलं. घशाखाली काहीतरी अडल्यासारखं वाटलं खरं. दिवसभराच्या दमणुकीत तेवढ्यासाठी कोण उठणार?

पहाटे धारेला उठले तर छातीच्या बरोबर मधोमध सुरी लावल्यासारखं दुखत होतं. आवंढा गिळला की पाठीपर्यंत कळ. चहाचा पहिला घोट खाली जाताना कुठून कुठे जातोय ते बोटाने दाखवता आलं असतं. भाकरीचा घास तर मध्येच थांबला. घाम फुटला. मालकांना वाटलं हार्ट, त्यांनी गाडी काढली. हृदयाची पट्टी (ईसीजी) काढली, ती चांगली आली. छातीत दुखलं की आधी हृदयच बघावं, त्यात काही चुकलं नाही. चुकलं ते पुढे. "पित्त आहे" म्हणून गुलाबी पातळ औषध मिळालं, दोन-दोन चमचे. मी कुठल्या गोळ्या घेते हे तिथे मला कुणी विचारलं नाही, आणि माझ्याही डोक्यात आलं नाही की सांगावं.

पुढचे चार दिवस मी काय करत होते ते आता आठवलं की हसू येतं आणि रागही येतो. सकाळी कॅप्सूल दुधाबरोबर, वर लगेच ते गुलाबी औषध. रात्री पुन्हा तेच. प्रत्येक कॅप्सूलमागे कळ वाढत होती. चौथ्या रात्री थुंकीसुद्धा गिळवेना, वाटीत थुंकत बसले. पाचव्या दिवशी ठरवलं, ही हिरवी कॅप्सूलच नको. ताप नाही, कंबर दुखत नाही, म्हणजे आजार गेला असणार. सकाळची लाल गोळी तेवढी चालू ठेवली, कारण तिने त्रास होत नव्हता. एक तरी घेतेय ना, एवढंच समाधान. हा निष्काळजीपणा म्हणायचा असेल तर म्हणा. मला तेव्हा तो शहाणपणाच वाटत होता.

नवव्या दिवशी दिवेलागणीला अंगावर काटा आला. थर्मामीटर लावला, १०१.

मिरजेच्या डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं, रागावले नाहीत. लाल गोळी एकटी चालू ठेवली हे ऐकल्यावर मात्र त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, "दोन्ही बंद केली असती तरी एवढं वाईट नव्हतं. या आजारात एकट्या औषधाने जंतू मरत नाहीत, ते त्या औषधाला सरावतात." मग दुर्बीण घालायला पाठवलं. घशात कडू फवारा मारला, जीभ जड झाली, डाव्या कुशीवर झोपवलं. पाच मिनिटांचं काम, साडेतीन हजार रुपये. पडद्यावर मी स्वतःच बघितलं. दातांपासून २४ सेंटिमीटरवर अन्ननलिकेत दोन पांढुरके चट्टे, कडा लालभडक, आणि अगदी समोरासमोर. नळी मिटली की एकमेकांना चिकटतील असे.

दुर्बीण घालणाऱ्या डॉक्टरांनी कागदावर आकृती काढून दाखवलं. हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी छातीत कमानीसारखी वळते आणि त्या वळणाशी अन्ननलिका थोडी दाबलेली असते. प्रत्येकाचीच, त्यात आजार काही नाही. जे अडतं ते बहुधा तिथेच अडतं. कॅप्सूलचं टरफल जिलेटिनचं. कमी पाण्यात ते भिजतं आणि चिकट होतं, उडदाच्या पापडाचं पीठ हाताला धरतं तसं. मग आतलं औषध तिथेच विरघळतं. डॉक्सीसायक्लिन थोड्या पाण्यात विरघळलं की लिंबाच्या रसासारखं आंबट होतं. जठराला आंबटाची सवय असते, अन्ननलिकेला नसते. त्यात माणूस आडवा झालेला, झोपेत लाळ कमी, गिळणं कमी, म्हणजे धुऊन न्यायलाही काही नाही. रात्रभर ती कॅप्सूल एका जागी बसून भाजत राहिली. पुढच्या चार दिवसांत मी त्याच जखमेवरून आणखी आठ कॅप्सूल ढकलल्या.

दुधाचा आणि गुलाबी औषधाचा हिशेब वेगळाच निघाला. दुधातलं कॅल्शियम आणि त्या पित्ताच्या औषधातलं अ‍ॅल्युमिनियम-मॅग्नेशियम या कॅप्सूलमधल्या औषधाला धरून ठेवतं, मग ते रक्तात पुरतं उतरत नाही. म्हणजे घसा भाजायला औषध पुरेपूर आणि जंतू मारायला अर्धंमुर्धं. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्यांचंही तसंच. "दूध डेअरीला घाला ताई, कॅप्सूलला घालू नका," असं डॉक्टर म्हणाले. दोन तासांचं अंतर ठेवून हवं तेवढं प्या.

मी विचारलं, हे असं फक्त मलाच झालं का? ते म्हणाले, डॉक्सीसायक्लिनने अन्ननलिकेत जखम झाल्याचं वैद्यकीय मासिकात १९७५ सालीच छापून आलंय. १९७५ साली मी बोबडं बोलत होते. इतक्या वर्षांची माहिती, पण मिरजेपासून आमच्या गावच्या खाकी पाकिटापर्यंत यायला तिला एसटी मिळाली नाही.

डॉक्सी काही दिवस बंद केली, त्या जागी दुसरी गोळी दिली, म्हणजे लाल गोळी एकटी पडणार नाही. पित्त कमी करायची गोळी सकाळी, आणि खडू कालवल्यासारखं पांढरं सुक्रालफेट जेवणाआधी. ते जखमेवर लेपासारखं बसतं. त्यातही अ‍ॅल्युमिनियम असतं, म्हणून डॉक्सी पुन्हा सुरू झाल्यावर दोन्ही एका वेळी घ्यायची नाहीत, हे त्यांनी चिठ्ठीवर लाल पेनने लिहिलं. तिखट, आंबट, कडक, गरम सगळं बंद. पेज, मऊ भात, गार दूध. चौथ्या दिवशी आवंढा गिळला आणि दुखलं नाही, तेव्हा मी मुद्दाम दहा वेळा गिळून बघितला. दहाव्या दिवशी भाकरी दुधात कुस्करून खाल्ली.

पंधरा दिवसांनी तीच डॉक्सी पुन्हा आली. खरं सांगायचं तर हात थरथरत होता. पण या वेळी दुर्बिणीच्या खोलीतल्या सिस्टरने मला समोर बसवून गिळायला शिकवलं होतं. बावन्नाव्या वर्षी! तिने सांगितलेलं मी आमच्या पद्धतीने बसवलं. संस्थेत पाव लिटरचं स्टीलचं माप असतं. तसलंच एक जुनं माप मी घरी आणून फळीवर ठेवलं. कॅप्सूल घ्यायची तर ते माप काठोकाठ पाणी, आणि ते संपलंच पाहिजे. फुलपात्र, वाटी, तांब्याला तोंड लावणं, काही चालणार नाही. आधी एक घोट नुसता, घसा ओला व्हायला. मग कॅप्सूल, मग बाकीचं सगळं. थंडीत पाणी कोमट करून घ्यायचं म्हणजे घोट मोठे जातात.

गंमत मानेची आहे. आपण गोळी टाकली की कोंबडीसारखी मान वर करतो. कॅप्सूल पाण्यापेक्षा हलकी, तरंगते. मान मागे टाकली की ती पुढे दातांकडे येते आणि पाणी तेवढं खाली जातं. म्हणून तोंडात पाणी आणि कॅप्सूल घेऊन हनुवटी छातीकडे न्यायची आणि मग गिळायचं. तरंगत ती मागे घशाकडे जाते. जर्मनीत हायडेलबर्गच्या विद्यापीठाने ही तऱ्हा माणसांवर करून बघितली आणि २०१४ साली छापली, असं सिस्टरने सांगितलं. मी संस्थेत आठ-दहा जणींना करून दाखवलं. निम्म्या हसल्या, निम्म्यांनी घरी जाऊन केलं.

वेळाही बदलल्या. रात्री झोपताना कॅप्सूल अजिबात नाही. सकाळची न्याहारीनंतर सातला, कारण सातपासून साडेआठपर्यंत मी संस्थेत फॅटच्या मशीनपुढे उभीच असते. संध्याकाळची थोडं काही खाऊन सहाला, पुन्हा तेच. अर्धा तास आडवं व्हायचं नाही हा नियम पाळायला मला वेगळं काही करावंच लागलं नाही, दुधाने पाळून घेतला. एकदाच चुकले. कॅप्सूल घेतल्या घेतल्या शेण काढायला वाकले, तर गुलाबी औषधाच्या दिवसांतली ती जुनी कळ क्षणभर हजर. तेव्हापासून शेण आधी, कॅप्सूल नंतर.

घशाचं एवढ्यावर संपलं नाही. संक्रांतीला तिळगूळ तोंडात ठेवला आणि डोळ्यांतून पाणी आलं. आरशात बघितलं तर जिभेवर, गालाच्या आत, पडजिभेपर्यंत दह्याच्या कवडीसारखे पांढरे ठिपके. सासूबाई म्हणाल्या, "तोंड आलंय, उष्णता हाय ती," आणि जाईचा पाला चघळायला दिला. जेष्ठमधही उगाळलं. त्याने गार वाटलं, नाही म्हणत नाही. पण एकदा पोळलेली मी, या वेळी दोन दिवसांत मिरज गाठली. ती बुरशी होती. तोंडात राहणारे निरुपद्रवी जंतू महिनोन्‌महिने औषधाने मरत राहिले की मोकळ्या जागेत बुरशी माजते. रान तणनाशकाने साफ केलं की जे तण त्याला जुमानत नाही तेच सगळीकडे पसरतं, तसं. साखर तपासली, ती ठीक होती. मधुमेह असला किंवा दम्याचा पंप चालू असला तर हे जास्त होतं. लावायला औषध दिलं, आठवड्यात जीभ गुलाबी झाली.

इथे एक गोष्ट दुकानदारांनीही वाचावी. बुरशी अन्ननलिकेत उतरली तर पोटात घ्यायची गोळी लागते आणि ती गोळी गावात कुणीही मागितली की मिळते. पण रिफॅम्पिसिन चालू असेल तर ते त्या गोळीचा असर कमी करतं. मी मिरजेला न जाता परस्पर तीच घेतली असती, "बुरशीची गोळी घेतली, तरी गुण नाही" म्हटलं असतं, आणि बहुतेक पुन्हा सगळंच सोडून बसले असते.

उन्हाचं दोन ओळींत सांगते. या कॅप्सूलवर असताना ऊन भाजतं. फेब्रुवारीत, म्हणावं असं ऊन नसताना, शेतात अर्धा दिवस काढला आणि हाताची पाठ लाल होऊन सोलली. बाह्या लांब घाला.

आता मूळ मुद्दा. मी काही अनोखं औषध घेत नव्हते. हीच डॉक्सीसायक्लिन मुंबईत पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून चालत आलेल्यांना लेप्टोपासून बचावासाठी देतात. कॉलेजच्या पोरींना मुरुमांसाठी दोन-दोन, तीन-तीन महिने देतात. आणि त्या पोरी ती रात्री अभ्यास संपवून, गादीवर पडून, बाटलीच्या एका घोटाबरोबर घेतात. माझ्या भाचीला विचारलं तर म्हणाली, "मावशी, मी तर कधी कधी पाण्याशिवायच घेते." दुखण्याच्या गोळ्या, लोहाच्या गोळ्या, यांनीही अन्ननलिकेला अशीच इजा होऊ शकते. माझ्या जावेला हाडांसाठी आठवड्याची एक गोळी आहे, ॲलेन्ड्रोनेट. तिला मात्र डॉक्टरांनी बजावून सांगितलंय: उपाशीपोटी, पेलाभर पाणी, अर्धा तास बसून राहायचं, आडवं व्हायचं नाही. ती घड्याळ लावून बसते. म्हणजे सांगितलं तर माणसं पाळतात. आठवड्यातून एकदा घ्यायच्या गोळीसाठी एवढं, आणि रोज दोनदा, तीन महिने घ्यायच्या कॅप्सूलसाठी १–०–१.

डॉक्टरांना दोष द्यायचा नाही. बाहेर सत्तर माणसं बसलेली असताना कुणाला किती सांगणार? टीबीच्या पेशंटची आशाताई घरी येऊन चौकशी करते, गोळ्या घेतल्या का, उलटी झाली का. माझ्यासारखीला विचारायला कुणी नाही, ते एक वेळ समजू शकते. कंपनीचा माहितीचा कागद खोक्यात असतो म्हणतात, पण आम्हाला खोकं कधी मिळतं? पट्टी कात्रीने कापून दहाच्या सहा मिळतात. पट्टीवर एक लाल उभी रेघ असते, २०१६ पासून सरकार सांगतंय की लाल रेघेचं औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. चांगली गोष्ट आहे. पण डॉक्टरांना विचारून घेतलेलं औषध घशात अडकलं तर ती रेघ काय करणार?

म्हणून तुमच्या लेखकांना विनंती, पुढच्या वेळी कोर्स सोडणाऱ्यांवर लिहाल तेव्हा त्यांतल्या दहा जणांना गाठून विचारा, का सोडला? माझी खात्री आहे, कुणाचं पोट बिघडलं असेल, कुणाचं तोंड आलं असेल, कुणाच्या छातीत कळ आली असेल. आणि गिळताना दुखायला लागलं तर औषध मनाने बंद न करता दोन दिवसांच्या आत डॉक्टरांना गाठायचं, चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची नावं सांगायची, हे ठळक छापा. पाणीसुद्धा उतरेनासं झालं, उलटीत रक्त दिसलं किंवा शौचाला काळं झालं तर दोन दिवसही थांबायचं नाही.

माझा कोर्स त्या पंधरवड्यामुळे लांबला आणि मार्चमध्ये संपला. ती गाय ठेवली नाही. कालवडींना लस टोचून घेतली. चार ते आठ महिन्यांच्या मादी वासराला ब्रुसेलाची लस आयुष्यात एकदाच असते आणि २०१९ पासून ती केंद्राच्या मोहिमेत मोफत आहे. आमच्या गावात अजून निम्म्यांना ठाऊक नाही. गोठ्यात आता हातमोज्यांचा डबा आहे. मालक त्याला "डॉक्टरीणबाईंचा डबा" म्हणतात, पण वापरतात.

आणि एक केलं. आमच्या संस्थेचे शिक्के तासगावला एक जण करून देतो. त्याच्याकडून मी दोनशे रुपयांत एक रबरी शिक्का करून घेतला: "पेलाभर पाणी. अर्धा तास आडवं व्हायचं नाही. दुधाबरोबर नाही." तो नेऊन आमच्या औषधाच्या दुकानातल्या पोराला दिला. म्हटलं, या कॅप्सूलच्या प्रत्येक पाकिटावर मारायचा. "मारतो की वहिनी," म्हणाला आणि गल्ल्याशेजारी ठेवून दिला. आठ दिवसांनी सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या आणायला गेले तर त्या पाकिटावरही शिक्का मारलेला. दुधाबरोबर नाही! सासूबाईंनी वाचून घेतलं आणि दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. आता डॉक्सीची पाकिटं वेगळ्या खणात ठेवायला सांगितलंय. रविवारी पुन्हा जाऊन बघते.

आपली,
एक दूध उत्पादक,
ता. पलूस, जि. सांगली